सूक्ष्म बिअरनिर्मितीचा विकास आणि शिरूर-दौंडचा शेतकरी : एक विश्लेषण

सारांश

पुणे शहरात २००९ पासून सूक्ष्म बिअरनिर्मितीचा व्यवसाय (मायक्रोब्रुअरी) वाढीस लागला. हा व्यवसाय 'स्थानिक' आणि 'प्रादेशिक' म्हणून ओळखला जातो. तथापि पुण्यापासून शे-दीडशे किलोमीटरच्या आत असलेल्या शिरूर व दौंड या तालुक्यांच्या शेतीशी त्याचा फारसा संबंध जुळलेला नाही. याच दौंड तालुक्यात रोटी येथे वाइनरी मात्र उभी राहिली. हा फरक का पडला, याचे स्पष्टीकरण कच्च्या मालाचे स्वरूप, तयार मालाची नाशवंतता आणि शासकीय धोरण या तीन घटकांच्या आधारे प्रस्तुत लेखात मांडले आहे. रब्बी ज्वारीच्या माध्यमातून हा संबंध जोडता येईल काय, त्यातून शेतकऱ्यास नेमके किती मिळेल आणि त्यावरील आक्षेप कोणते, याचीही चर्चा केली आहे.

बीजशब्द : मायक्रोब्रुअरी, उद्योगांची स्थाननिश्चिती, रब्बी ज्वारी, द्राक्ष प्रक्रिया धोरण, शिरूर, दौंड.

प्रस्तावना

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. भीमा नदीच्या उत्तरेस शिरूर व दक्षिणेस दौंड अशी त्यांची स्थूल रचना आहे. वार्षिक पर्जन्यमान सुमारे ५०० मिलिमीटरच्या आसपास असून तेही अनिश्चित असते. खडकवासला प्रकल्पाचा नवा उजवा कालवा, चासकमानचा कालवा आणि चिंचणी येथील घोड धरण यांमुळे या तालुक्यांचा काही भाग बागायती झाला. तेथे ऊस आला, साखर कारखाने आले आणि केडगाव-यवत परिसरात गुऱ्हाळे फुलली. कालव्याचे पाणी न पोहोचलेल्या गावांत मात्र बाजरी, रब्बी ज्वारी आणि दुभती जनावरे हाच आजही संसाराचा आधार आहे. रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींनी रोजगार दिला, परंतु कोरडवाहू पिकाला नवा ग्राहक दिला नाही.

दुसरीकडे, याच जिल्ह्याच्या मुख्यालयी गेल्या दीड दशकात धान्यापासून बिअर तयार करणारे छोटे उद्योग वाढले. मूळ कच्चा माल धान्य असल्यामुळे, जवळच्या धान्य उत्पादक तालुक्यांना त्याचा लाभ व्हावा अशी अपेक्षा स्वाभाविक ठरते. ही अपेक्षा का पूर्ण झाली नाही, हा प्रश्न अर्थशास्त्र, भूगोल, सूक्ष्मजीवशास्त्र आणि समाजशास्त्र या चारही विषयांच्या अध्यापकांना विचारप्रवृत्त करणारा आहे.

उद्दिष्टे

१) पुणे परिसरातील सूक्ष्म बिअरनिर्मितीच्या वाटचालीचा थोडक्यात आढावा घेणे.
२) वाइन व बिअर या दोन उद्योगांच्या स्थाननिश्चितीतील फरकाची कारणे स्पष्ट करणे.
३) स्थानिक ज्वारीच्या वापराची तांत्रिक व आर्थिक शक्यता आणि तिच्या मर्यादा तपासणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

पुण्याला बिअरनिर्मिती नवी नाही. एडवर्ड डायर याने १८५५ मध्ये कसौली येथे भारतातील आधुनिक पद्धतीचा पहिला बिअर कारखाना सुरू केला. पुढे एच. जी. मीकिन याने १८८७ मध्ये डायरचे सिमला व कसौली येथील कारखाने विकत घेतले आणि राणीखेत, डलहौसी, चक्राता, दार्जिलिंग यांसोबत खडकी येथेही कारखाना उभारला. या यादीतील बहुतेक ठिकाणे थंड हवेची आहेत. खडकीचा अपवाद तेथील लष्करी छावणीने घडवला. ग्राहक जेथे होता तेथे बिअरचा कारखाना गेला. ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी कायदा केला. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मद्यनिषेधाला मार्गदर्शक तत्त्वांत स्थान दिले, तर सातव्या अनुसूचीने मादक द्रव्यांचे नियमन व त्यांवरील उत्पादन शुल्क हे विषय राज्यांकडे सोपवले. १९६० नंतरच्या दशकात संपूर्ण दारूबंदी शिथिल होत गेली आणि परवाना पद्धती रूढ झाली. मात्र मूळ कायदा दारूबंदीचाच राहिला. त्यामुळे महाराष्ट्रात मद्यनिर्मिती, वाहतूक, विक्री आणि सेवन या प्रत्येक टप्प्यावर परवाना लागतो. बिअर व वाइन यांसाठी किमान वय २१ वर्षे, तर तीव्र मद्यासाठी २५ वर्षे आहे. अशा चौकटीत एखादा उद्योग वाढतो तेव्हा त्याच्या वाढीची दिशा ग्राहकाच्या आवडीइतकीच परवान्याच्या स्वरूपावरही अवलंबून असते.

पुढील काळात राज्यातील बिअर उत्पादन मोठ्या कंपन्यांच्या हाती एकवटले. वाळूज-चिकलठाणा परिसर आणि मुंबईजवळील तळोजा येथील औद्योगिक वसाहतींत मोठे कारखाने उभे राहिले. पाणी, वीज, रस्ता आणि मोठी बाजारपेठ ही त्यांच्या निवडीची कारणे होती. आसपासच्या शेतातील पीक हे त्यांपैकी एकही कारण नव्हते.

पुण्यातील वाटचाल

सूक्ष्म बिअरनिर्मिती म्हणजे मर्यादित क्षमतेच्या संयंत्रात बिअर तयार करून ती ताजी असतानाच, बहुधा निर्मितीच्या जागीच, ग्राहकाला देणे. पुण्यात २००९ मध्ये शहराच्या दक्षिण भागातील एका हॉटेलच्या आवारात 'डूलाली' हा उपक्रम सुरू झाला. सुकेतू तळेकर हे त्याच्या संस्थापकांपैकी एक असून ऑलिव्हर शाऊफ या जर्मन तज्ज्ञाने निर्मितीची बाजू सांभाळली. नावाची व्युत्पत्ती मराठी वाचकाला रोचक वाटावी अशी आहे. नाशिकजवळील देवळाली छावणीत मायदेशी परतण्याची वाट पाहत कंटाळलेल्या इंग्रज सैनिकांच्या बोलीत 'डूलाली' हा शब्द 'डोके फिरलेला' या अर्थाने रूढ झाला होता.

त्यानंतरच्या दशकात मुंढवा, कोरेगाव पार्क, बाणेर अशा भागांत या व्यवसायाचा विस्तार झाला. 'इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी', 'एफिनगट' आणि 'ग्रेट स्टेट एलवर्क्स' ही त्यांतील परिचित नावे होत. यांपैकी शेवटच्या उद्योगाने कोकम वापरून केलेल्या बिअरने प्रादेशिक चवीचा प्रयोग केला. डोंबिवलीच्या 'गेटवे ब्रुइंग कंपनी'ने स्वतःचे उपाहारगृह न चालवता पिंपे भरून परवानाधारक बारना पुरवण्याचा दुसरा मार्ग धरला. याच काळात पुण्यातील 'मूनशाइन मीडरी'ने मधापासून मद्य तयार करण्यास आरंभ केला.

ही सर्व ठिकाणे नकाशावर मांडली तर ती माहिती तंत्रज्ञान व सेवा क्षेत्रातील तरुण वस्तीच्या आसपास आढळतात. पुणे-नगर व पुणे-सोलापूर हे दोन्ही महामार्ग शिरूर-दौंडमधून जातात, तरीही या व्यवसायाची वाढ त्या दिशेने सरकली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१६ च्या निर्णयाने महामार्गालगतच्या मद्यविक्रीवर अंतराची मर्यादा घातली. पुढे नगरपालिका हद्दींना त्यातून सवलत मिळाली, परंतु महामार्गावरील ग्रामीण भाग अशा गुंतवणुकीसाठी अधिक अनिश्चित ठरला.

बिअरनिर्मितीची प्रक्रिया

पुढील युक्तिवाद समजण्यासाठी प्रक्रियेची ओळख आवश्यक आहे. बिअरचे मूळ घटक चार : पाणी, माल्ट, हॉप आणि यीस्ट. सातू (जव) भिजवून त्याला मोड आणतात व योग्य वेळी गरम हवेने वाळवतात. हेच माल्ट होय. मोड येताना दाण्यात विकरे तयार होतात. माल्ट भरडून सुमारे ६२ ते ६८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात ठेवले असता ही विकरे पिष्टाचे शर्करेत रूपांतर करतात. गोड द्रव गाळून हॉपसह उकळतात, थंड करतात आणि यीस्टच्या साहाय्याने आंबवतात. नाचणी भिजवून, मोड आणून सत्त्व करण्याची किंवा ज्वारीच्या पिठाची आंबील आंबवण्याची रीत ज्या घरांत आहे, त्यांना यातील निम्मे शास्त्र कृतीने ठाऊक असते.

भारतात माल्टसाठीचे सातू मुख्यतः राजस्थान, हरियाणा, उत्तर प्रदेश व मध्य प्रदेश येथून येते. हॉपचे अल्प उत्पादन हिमाचल प्रदेशातील लाहौल-स्पिती भागात होते, बाकी आयात करावे लागते. विशेष प्रकारचे माल्टही जर्मनी, बेल्जियम आदी देशांतून येते. म्हणजे पुण्यात तयार होणाऱ्या 'स्थानिक' बिअरमध्ये खऱ्या अर्थाने स्थानिक असते ते केवळ पाणी आणि श्रम.

वाइनरी रोटीत, बिअर मुंढव्यात : स्थाननिश्चितीचा विचार

आल्फ्रेड वेबर या जर्मन अर्थतज्ज्ञाने १९०९ मध्ये उद्योगांच्या स्थाननिश्चितीचा सिद्धांत मांडला. त्यात त्याने कच्च्या मालाचे दोन गट केले. काही पदार्थ सर्वत्र मिळतात, तर काही विशिष्ट ठिकाणीच मिळतात. ज्या उद्योगात सर्वत्र मिळणारा पदार्थ तयार मालाच्या वजनात मोठी भर घालतो, तो उद्योग बाजारपेठेकडे ओढला जातो. ज्यात कच्चा माल प्रक्रियेत वजन गमावतो किंवा लवकर खराब होतो, तो उद्योग कच्च्या मालाकडे जातो.

बिअरमध्ये ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते. १०० लिटर बिअरला सुमारे २० किलो माल्ट पुरते. माल्ट कोरडे, टिकाऊ आणि हजार किलोमीटरवरून आणता येण्याजोगे असते. याउलट पाश्चरीकरण न केलेली ताजी बिअर थंड साखळीतच आणि थोडे दिवस टिकते. म्हणून उद्योग पिणाऱ्याजवळ जातो. एकोणिसाव्या शतकातील खडकी आणि एकविसाव्या शतकातील मुंढवा यांच्या निवडीमागे हे एकच तत्त्व आहे.

वाइनचे गणित उलट आहे. तोडलेली द्राक्षे काही तासांत गाळपाला गेली नाहीत तर त्यांचा दर्जा घसरतो, आणि वाइन मात्र महिनोन्‌महिने टिकते व लांब पाठवता येते. त्यामुळे वाइनरी बागेजवळ जाते. 'फोर सीझन्स' ही वाइनरी दौंड तालुक्यातील रोटी येथे उभी राहिली. पाटसहून बारामतीकडे जाणाऱ्या मार्गावरील हे गाव संत तुकाराम महाराजांच्या पालखी सोहळ्यातील रोटी घाटामुळे सर्वपरिचित आहे. ही वाइनरी यूबी समूहातील युनायटेड स्पिरिट्स या कंपनीने उभारली. पुढे २०१८ च्या सुमारास ती ग्रोव्हर झाम्पा या वाइन कंपनीकडे गेली. लक्षणीय बाब अशी की, याच समूहाचे बिअरचे कारखाने मात्र तळोजासारख्या औद्योगिक वसाहतीत होते. एकाच समूहाने वाइनसाठी दौंडचे माळरान निवडले आणि बिअरसाठी महानगराची सीमा. याहून स्पष्ट उदाहरण वर्गात शिकवताना सापडणे कठीण.

द्राक्ष धोरणाचा धडा

केवळ भूगोलाने वाइनरी आली असे म्हणता येणार नाही. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. राज्यातील द्राक्षांपासून राज्यात तयार होणाऱ्या वाइनला उत्पादन शुल्कात माफी दिली आणि विंचूर (जि. नाशिक) व पलूस (जि. सांगली) येथे वाइन पार्क विकसित केले. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र कार्यरत होते. शुल्क सवलत ही पिकाशी जोडलेली होती, हे या धोरणाचे मर्म. बिअरच्या परवान्यात पिकाशी जोडणारा असा दुवा राहिला नाही.

तथापि या धोरणाची दुसरी बाजूही पुणे जिल्ह्याने पाहिली. श्यामराव चौगुले यांनी नारायणगाव येथे उभी केलेली 'शातो इंडाज' ही देशातील अग्रगण्य वाइन कंपनी २००९-१० च्या सुमारास आर्थिक संकटात सापडली. मागणी घटली, खरेदी थंडावली आणि राज्यातील अनेक बागायतदारांनी वाइनच्या द्राक्षाच्या बागा काढून टाकल्या. वाइनसाठीच्या जाती खाण्याच्या बाजारात फारशा चालत नाहीत. कारखानदाराने पाठ फिरवली की शेतकऱ्यापुढे दुसरा ग्राहक उरत नाही. यातून निघणारा निष्कर्ष ज्वारीच्या चर्चेत निर्णायक ठरतो : शेतकऱ्याने उद्योगाशी जोडले जावे, पण अशा पिकाने, ज्याला त्या उद्योगाबाहेरही किंमत आहे.

रब्बी ज्वारीची शक्यता

मालदांडी ३५-१ ही ज्वारीची जात मोहोळ येथे निवड पद्धतीने विकसित झाली. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'फुले वसुधा', 'फुले रेवती' यांसारख्या जाती दिल्या. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शिरूर-दौंडमधील कोरडवाहू शेतकऱ्याला हे पीक शिकवावे लागत नाही. दाण्यासोबत मिळणारा कडबा हा त्याच्या दुग्धव्यवसायाचा कणा आहे.

तांत्रिकदृष्ट्या ज्वारीपासून बिअर करता येते, परंतु दोन अडचणी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली, ज्वारीचे पिष्ट सातूपेक्षा अधिक, साधारण ७० अंश सेल्सिअस व त्यावरील, तापमानाला फुलते. त्या तापमानाला सातूची विकरे टिकत नाहीत. त्यामुळे ज्वारीची भरड आधी वेगळी शिजवून मग माल्टच्या मिश्रणात घालावी लागते. दुसरी, मोड आलेल्या ज्वारीच्या कोंबात सायनाइडजन्य विषारी घटक असतो. कोवळी ज्वारी खाल्ल्याने जनावरांना 'किराळ लागते' ती याच घटकामुळे. म्हणून ज्वारीचे माल्ट करायचे तर कोंब व मुळे काटेकोरपणे वेगळी काढावी लागतात. मोड न आणता, शिजवून, एकूण धान्याच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत ज्वारी वापरल्यास दुसरी अडचण उद्भवत नाही आणि पिष्टाच्या रूपांतराचे काम सातूच्या विकरांकडूनच होते.

आता आर्थिक बाजू पाहू. उदाहरणादाखल, दररोज ५०० लिटर बिअर करणारी मायक्रोब्रुअरी वर्षाला ३०० दिवस चालते असे धरले तर उत्पादन १,५०,००० लिटर होते. १०० लिटरला २० किलो या प्रमाणात एकूण धान्य ३०० क्विंटल लागते. त्याच्या ३० टक्के म्हणजे ९० क्विंटल ज्वारी. कोरडवाहू रब्बी ज्वारीचे उत्पादन हेक्टरी ९ क्विंटल धरल्यास ही गरज १० हेक्टर, म्हणजे सुमारे २५ एकर क्षेत्रातून भागते. अशा ५० मायक्रोब्रुअरी झाल्या तरी ५०० हेक्टर पुरे. हे क्षेत्र एखाद-दुसऱ्या गावाच्या शिवाराएवढे आहे.

हे उदाहरण दोन्ही बाजूंच्या अतिशयोक्तीला आळा घालते. 'ज्वारीच्या बिअरने कोरडवाहू शेतीचे चित्र पालटेल' हा दावा टिकत नाही. तसेच 'त्यामुळे भाकरी महाग होईल' हे भयही या प्रमाणावर निराधार ठरते. मग शेतकऱ्याला लाभ कोठे? तो परिमाणात नसून दरात आहे. निवडक, एकसारख्या, स्वच्छ ज्वारीला बाजारभावापेक्षा किलोमागे १० रुपये अधिक दिले, तर १०० लिटर बिअरमागे ६ किलो ज्वारीचे ६० रुपये, म्हणजे लिटरमागे ६० पैसे खर्च वाढतो. उद्योजकाच्या दृष्टीने हा भार नगण्य आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र हेक्टरी ९,००० रुपये अधिक पडतात, आणि करार मोडला तरी ज्वारी घरात, मोंढ्यात किंवा शेजाऱ्याकडे खपते. कडबा तर कराराबाहेरच राहतो. वाइनच्या द्राक्षाला जे संरक्षण नव्हते ते येथे आपोआप मिळते.

चोथा आणि पाणी

धान्याची साखर काढून घेतल्यावर उरणारा ओला चोथा १०० लिटरमागे सुमारे २० किलो असतो. कोरड्या वजनाच्या हिशेबाने त्यात २० टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. वरील उदाहरणातील मायक्रोब्रुअरीतून दररोज १०० किलो चोथा निघेल. दहा-पंधरा दुभत्या जनावरांच्या खुराकाला तो पूरक ठरू शकतो. तथापि त्यातील पाण्याच्या अंशामुळे उन्हाळ्यात तो दोन-तीन दिवसांत बुरसटतो. वाहतूक रोजची व ठरलेल्या वेळेची असली तरच तो पशुखाद्य, अन्यथा तो शहराचा कचरा. धान्य घेऊन पुण्यास जाणारे वाहन चोथा घेऊन परत आले, तर दोन्ही फेऱ्यांचा खर्च विभागला जातो.

पाण्याचा प्रश्न अधिक गंभीर आहे. एक लिटर बिअरसाठी कार्यक्षम मोठ्या कारखान्यातही तीन ते पाच लिटर पाणी लागते. लहान संयंत्रात हे प्रमाण आणखी वाढते. एप्रिल २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्य उद्योगांच्या पाण्यात टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा आदेश दिला होता. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावांजवळ बिअरचा मोठा कारखाना आणण्याचा आग्रह म्हणूनच अविचारी ठरेल. कारखाना शहरात आणि धान्य तालुक्यातून, ही विभागणी पाण्याच्या दृष्टीनेही अधिक समंजस आहे. कोरडवाहू ज्वारी कालव्याचे पाणी मागत नाही.

परदेशातील दोन अनुभव

नायजेरियाने १९८८ मध्ये सातूच्या आयातीवर बंदी घातली. तेथील मोठ्या बिअर कारखान्यांना ज्वारी व मक्याकडे वळावे लागले, यंत्रणा बदलावी लागली, आणि बंदी उठल्यानंतरही ज्वारीचा वापर चालू राहिला. युगांडामध्ये २००२ मध्ये नाइल ब्रुअरीज या कंपनीने 'एपुरिपुर' या स्थानिक ज्वारीच्या वाणापासून 'ईगल' ही बिअर बाजारात आणली. स्थानिक धान्य वापरल्याबद्दल शासनाने तिच्यावर कमी दराने शुल्क आकारले. पहिला मार्ग सक्तीचा, दुसरा सवलतीचा. पण दोन्हींकडे उद्योग धान्याकडे स्वतःहून वळला नाही. शासनाने दिशा दिल्यावर तो वळला. महाराष्ट्राचे २००१ चे द्राक्ष धोरण दुसऱ्या प्रकारात मोडते.

आक्षेपांचा विचार

या विषयावरील आक्षेप गंभीर आहेत आणि त्यांना बगल देता येणार नाही. राज्य शासनाने २००७ मध्ये ज्वारी, बाजरी, मका आदी धान्यांपासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांसाठी अनुदानाची योजना आणली. कोरडवाहू शेतकऱ्याला भाव मिळेल असे तिचे समर्थन होते. डॉ. अभय बंग यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी तिला तीव्र विरोध केला. माणसाचे अन्न दारूसाठी का, आणि सार्वजनिक पैसा व्यसनासाठी का, हे त्यांचे प्रश्न होते. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने धान्याधारित 'महाराष्ट्र मेड लिकर' हा नवा मद्यप्रकार मान्य केला. त्यामुळे हे प्रश्न पुन्हा समोर आले आहेत.

सामाजिक विरोध शिरूरच्या उंबरठ्यावर आहे. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विक्रीस परवानगी देण्याचा निर्णय झाला, तेव्हा शिरूरलगतच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला होता. मतदानाने गावातील दारू दुकान बंद करण्याचा अधिकार २००८ च्या आदेशाने ग्रामस्थांना, विशेषतः महिलांना, मिळाला. 'उभी बाटली, आडवी बाटली' ही मतदानाची खूण ग्रामीण महाराष्ट्राला चांगली परिचित आहे. ज्या घरातील स्त्रीने दारूचे दुकान बंद करण्यासाठी मत दिले, त्याच घराने ज्वारी बिअरसाठी विकावी काय, हा प्रश्न हिशेबाने सुटणारा नाही. तो त्या घराने व त्या ग्रामसभेने ठरवायचा आहे.

तथापि २००७ ची योजना आणि येथे चर्चिलेली शक्यता यांत मूलभूत अंतर आहे. त्या योजनेत सार्वजनिक अनुदान कारखानदाराला मिळत होते आणि शेतकऱ्याला मिळणाऱ्या दराची हमी नव्हती. येथे अनुदानाची गरज नाही. गरज आहे ती शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या अधिक दराच्या लेखी कराराची. उत्पादन शुल्कात सवलत द्यायचीच झाली तर ती मद्यविक्रीच्या वाढीशी न जोडता, स्थानिक धान्यासाठी शेतकऱ्याला प्रत्यक्ष दिलेल्या दराशी जोडली जावी. शेतकऱ्याचे नाव पुढे करून कारखानदाराला लाभ मिळवून देण्याची वाट त्यामुळे अरुंद होते.

महाविद्यालयांची भूमिका

मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये मद्यार्क तंत्रज्ञानाचे शिक्षण व संशोधन चालते. तालुक्यातील महाविद्यालयांना यात पूरक काम करता येईल. रसायनशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र विभागांना स्थानिक ज्वारीच्या वाणांतील पिष्ट, प्रथिने व पिष्ट फुलण्याचे तापमान यांची मोजणी करता येईल. अर्थशास्त्र विभागाला गावनिहाय उत्पादन खर्च व कडब्याच्या उत्पन्नाचा हिशेब मांडता येईल. अशी माहिती हाती असल्याशिवाय शेतकरी करारासाठी बसला, तर दर दुसरी बाजूच ठरवील.

निष्कर्ष

१) पुण्यातील सूक्ष्म बिअरनिर्मितीची वाढ शिरूर-दौंडपर्यंत पोहोचली नाही याचे प्रमुख कारण उद्योजकांची अनास्था हे नसून, कोरडे व टिकाऊ माल्ट आणि नाशवंत बिअर हे या उद्योगाचे स्वरूप आहे.

२) रोटी येथील वाइनरी आणि शहरातील मायक्रोब्रुअरी यांतील फरक वेबरच्या सिद्धांताने व २००१ च्या धोरणाने स्पष्ट होतो. शुल्क सवलत पिकाशी जोडली गेली तेथे उद्योग शेतापर्यंत आला.

३) कारखाना तालुक्यात आणण्यापेक्षा तालुक्यातील ज्वारी कारखान्यात नेणे भौगोलिक, आर्थिक व पाण्याच्या दृष्टीने अधिक उचित आहे.

४) या मार्गाने गुंतणारे क्षेत्र अल्प राहील. लाभ निवडक शेतकऱ्यांना व दराच्या रूपाने मिळेल. यापेक्षा मोठे आश्वासन देणे शेतकऱ्याची दिशाभूल ठरेल.

५) ज्वारीला भाकरी व कडबा हे दोन पर्यायी आधार असल्यामुळे तिच्यातील जोखीम वाइनच्या द्राक्षापेक्षा बरीच कमी आहे.

६) मद्यनिषेधाच्या घटनात्मक तत्त्वाचा व ग्रामसभेच्या मताचा आदर राखूनच असा कोणताही उपक्रम व्हावा. बिअर 'प्रादेशिक' ठरते ती बाटलीवरील नावाने नव्हे. त्या प्रदेशातील शेतकऱ्याच्या धान्याला तिने किती दर दिला, यावर ते ठरावे.